आधी पाळकसाहेबांना आण

मी फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. मनात आलं की तोंडातून बाहेर. शाळेत जन्मभर पोरी माझ्या जिभेला भ्यायच्या आणि मला, खरं सांगू का, त्याचा जरा तोराच होता. मी खोटं बोलत नाही, जे असेल ते तोंडावर बोलते, असं छाती ठोकून सांगायची. त्यामुळं पुढचं लिहिताना हात जड होतोय. पण परवा आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या देवळात दोन तरुण डॉक्टर मुली नेत्रदानाचे फॉर्म घेऊन आल्या. उपासना संपल्यावर पाळक म्हणाले, आपल्या मंडळीत सगळ्यांत आधी डोळे द्यायचं ज्या बाईंनी ठरवलं, त्यांची भाची इथंच बसलीय, त्यांनी दोन शब्द बोलावेत. सगळं देऊळ माझ्याकडं वळलं. मी म्हटलं, घसा बसलाय. घसा अगदी ठणठणीत होता.

ती बाई म्हणजे माझी आत्या. मी तीन वर्षांची असताना आई गेली, वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि मला नळदुर्गला तिच्या ओटीत आणून टाकलं. पुढं तेही गेले. आत्या बाविसाव्या वर्षी विधवा झालेली. मिशनची बायबलबाई होती ती. खांद्याला कापडी पिशवी, पायात जाड वहाणा, आणि आठवड्यातले पाच दिवस खेड्यापाड्यांत. शास्त्रातल्या गोष्टी सांगायची, बायांना अक्षरं गिरवायला लावायची, आणि बोरिकच्या पाण्यानं पोरांचे डोळे धुवायची. त्या काळी आमच्याकडं पोरांचे डोळे येणं म्हणजे रोजचंच. गोष्ट ऐकायला दोन बाया यायच्या, डोळे धुऊन घ्यायला आख्खी गल्ली. आत्या म्हणायची, "चालतंय की. प्रभूनं बी आधी डोळं बरं केलं, मग बोलला."

आमच्या समोरच्या दारात चाची राहायची. मन्यारीण, बांगड्या भरणारी. तीही विधवा. आत्या विधवा असून तिच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या असायच्या, त्या चाचीनं जबरदस्तीनं भरलेल्या. "नक्को म्हणू नको गे, हात भुंडा दिसतोय," म्हणायची. दोघी संध्याकाळी ओट्यावर बसून दखनीत आणि मराठीत अशी काही खिचडी करून बोलायच्या की तिसऱ्याला पत्ता लागू नये. चाचीला एकच मुलगी. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान.

आता माझ्या मनाचा कोतेपणा सांगते, कारण त्यावाचून पुढचं कळणार नाही. आत्या सगळं वाटून टाकायची. ज्वारी वाटायची, धडुतं वाटायची, त्याचं मला काही नव्हतं. पण एका नाताळाला मिशनच्या मडमसाहेबांनी मला लाल लोकरीचा स्वेटर विणून दिला होता. जन्मात पहिल्यांदा कुणी माझ्या मापाचं काही केलं होतं. दोन महिन्यांनी समोरच्या पोरीला देवी आल्या. पोरगी तापानं काकडत होती. मी शाळेतून आले तर माझा स्वेटर तिच्या अंगात. मी आत्याला नाही नाही ते बोलले. आत्या म्हणाली, "अगं, लेकरू मरायला लागलंय." मी म्हटलं, "मग मरू दे!"

पोरगी मेली नाही. पण दोन्ही डोळ्यांत फुलं पडली. उजव्या डोळ्यात दुधाच्या सायीसारखं पूर्ण, डाव्यात थोडं कमी. डाव्यानं तिला उजेड-अंधार तेवढा कळायचा. स्वेटर जाळून टाकावा लागला. आणि मी तेव्हा सतरा-अठरा वर्षांची घोडी, मला त्या डोळ्यांपेक्षा स्वेटरचं वाईट वाटत होतं. बोलण्यातून वाटत नव्हतं असं दाखवत होते, पण वाटत होतं.

महाराष्ट्र राज्य नवीन झालं होतं, त्या सुमाराला आमच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं. सोलापूरहून एक डॉक्टर आले होते. मी तोवर त्याच शाळेत मास्तरीण झाले होते, म्हणून नावं लिहायला टेबलाशी बसले होते. आत्यानं चाचीच्या पोरीला हाताला धरून आणलं. डॉक्टरांनी बॅटरी मारून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "आतला डोळा चांगला आहे. फक्त पुढची काच पांढरी झालीय. मेलेल्या माणसाच्या डोळ्याची काच काढून इथं बसवता येते. पण आपल्याकडं देतो कोण?"

"मी देते," आत्या म्हणाली.

डॉक्टर हसले. "अहो ताई, मेल्यावर."

"मग मेल्यावरच म्हंते की. आत्ता कुठं म्हटलं म्या?"

सगळे हसले. आत्या हसली नाही. तिनं सगळं नीट विचारून घेतलं. मेल्यानंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा. डॉक्टर स्वतः येऊन काढून नेतील, निरोप मात्र ताबडतोब पोचला पाहिजे. डॉक्टर म्हणाले, "तुमचे डोळे ज्या दिवशी येतील, त्या दिवशी ही मुलगी माझ्यासमोर असली तर हिलाच बसवीन." आत्यानं फॉर्मवर सही केली. साक्षीदाराच्या जागा मोकळ्या होत्या. त्या नंतर भरून पाठवते म्हणाली.

त्यावरून आमच्या मंडळीत गहजब झाला. ख्रिस्ती घरं ती किती, बारा-पंधरा, पण तोंडं शंभर. आमच्यातली एक म्हातारी, जिला सगळे आजीच म्हणायचे, ती घरी येऊन म्हणाली, "पुनरुत्थानाच्या दिवशी उठशील तवा काय चाचपडत जाशील का काय प्रभूम्होरं?" आत्या ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ज्यानं मातीतनं आख्खा माणूस केला, त्याला दोन डोळं करायला किती येळ लागतोय, आजी?" आजी उठली. जाताना पुटपुटत गेली.

चाचीलाही शंका होती. किरिस्तावाचा डोळा आपल्या पोरीला चालेल का, असं तिनं भीत भीत विचारलं. आत्या म्हणाली, "तुझ्या बांगड्या मला चालल्या, माझा डोळा तुझ्या लेकीला न्हाय चालत व्हय?" मग दोघी पदर तोंडाला लावून हसत बसल्या. पोरगीही हसली. मी आतून चहा आणून आदळला.

रात्रीच्या जेवणाआधी मी तोंड उघडलंच. "सगळं गावाला वाटलंस. आता डोळेपण. मला काय ठेवलंयस तू?"

"तुला मी हाय की," आत्या म्हणाली. मग म्हणाली, "हे बघ पोरी, दर महिन्याला प्रभुभोजनाला मी भाकर खाते. त्याचं अंग म्हणून खाते. तीस वरसं झाली. नुसतं खातच राहू का? एकदा तरी द्यायला नको?"

मला ते बोलणं आवडलं नाही, कारण त्यात मी कुठं नव्हते. तिनं मला तीन कामं सांगितली. "मी गेले की रडायच्या आधी एवढं कर. पापण्या मिट. कापूस ओला करून ठिव. आन् रस्त्यावर जाऊन ट्रकला हात कर, सोलापूरला दवाखान्यात माणूस धाड. मग रड. रडायला आख्खा जन्म पडलाय." आमच्यावरून हैदराबादचा हमरस्ता जातो. ट्रक सारखे येत-जात. हात केला की थांबायचे, आणि आत्याला तर सगळे ड्रायव्हर ओळखायचे. सोलापूर दीड तासाचं अंतर. म्हणजे मला सबब सांगायला देवानं जागाच ठेवली नव्हती.

त्यानंतर दीड वर्षानं, माघातल्या एका सकाळी आत्या गेली. आठ वाजायचे होते. ती तामलवाडीकडं एका लग्नाला जाणार होती. आमचे पाळकही ते लग्न लावायला आदल्या दिवशीच तिकडं गेले होते. पिशवी भरून झाली होती. वहाणेत पाय घालता घालता ती ओट्यावर बसली आणि म्हणाली, "पाणी दे गं." मी आतून पाणी आणेपर्यंत भिंतीला टेकलेली होती. छातीवर हात. तांब्या माझ्या हातातून पडला. मी ओरडले, चाची समोरून धावत आली, वस्तीतल्या बाया आल्या. पण ती गेली होती.

पहिली दोन कामं मी केली. हे मला कुणाला सांगायचं नव्हतं, पण केली. पापण्या मिटल्या. कापूस ओला करून ठेवला. मी रडले नाही, तिनं सांगितलं होतं तसंच.

आमच्या शाळेचा चपराशी आला. मंडळीतलाच, वयस्कर माणूस. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, "बाई, एक ट्रक खाली उभा केलाय. सोलापूरला उतरून पुढं तामलवाडीची गाडी धरतो, पाळकसाहेबांना आणतो. जाता जाता दवाखान्यात सांगू न्हवं? आत्याबाईंनी मला बी सांगून ठेवलं होतं."

इथं मला थांबावं लागतं. साठ वर्षं मी इथंच येऊन थांबते.

आमच्या मंडळीत मरणाचं काहीही पाळकांना विचारल्याशिवाय होत नसे. घंटा कधी द्यायची, पेटी कोण करणार, माती कधी द्यायची, गायन कोणतं, सगळं त्यांच्या तोंडून. गाव हसायचं, किरिस्तावांना मरायलाही हुकूम लागतो म्हणून. तो रिवाज खरा होता. पण त्या सकाळी मी तो रिवाज पुढं केला, तो मला पटत होता म्हणून नाही. बाया बाजूला कुजबुजत होत्या, डोळं काढल्यावर लोकांना तोंड कसं दाखवायचं, गाव म्हणंल किरिस्तावांनी बाईचं डोळं विकलं. ते मी ऐकत होते. पण त्याचंही मला एवढं नव्हतं. लोकांना मी कधी भ्याले? खरं सांगते. चाची पोरीला घेऊन समोर तिच्या दाराशी बसली होती. पोरगी मान वाकडी करून, डावा डोळा उजेडाकडं करून, ऐकत होती. आणि माझ्या मनात आलं, आता माझी आत्या रोज समोरच्या दारातून माझ्याकडं बघणार, आणि बघणारी ही असणार. डॉक्टरांनी समजावलं होतं, नुसती पुढची काच असते, डोळा त्या मुलीचाच राहतो. मला ते माहीत होतं. माहीत असून मनात आलं. स्वेटर घेतला, आता हे.

मी म्हटलं, "आधी पाळकसाहेबांना आण. ते म्हणतील तसं करू."

चपराशी घुटमळला. "पण बाई, टाइम..."

"सांगितलं ना एकदा!" मी खेकसले. तो गेला. त्याचा ट्रक दवाखान्यावरूनच गेला असणार, सोलापुरात शिरायचा रस्ताच तो.

चाचीनं थोड्या वेळानं माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "बेटी, दवाखान्यात माणूस गया ना?" तिनं एकदाच विचारलं. मैत्रीण मरून पडलेली, तिच्या डोळ्यांचं पुनःपुन्हा कसं विचारणार? मी "व्हय" म्हटलं. तिनं डोळे पुसले, घरात जाऊन पोरीला न्हाऊ घातलं, धुतलेला सलवार-कुडता घातला, केसांना तेल लावलं. डॉक्टर डोळे घेऊन निघाले की त्यांच्याच गाडीत पोरीला घेऊन जायचं, असं तिचं आणि आत्याचं ठरलेलं होतं. कपड्यांचं एक बोचकं बांधून ती परत येऊन बसली.

आणि मी काय करत होते, ऐका. कापूस वाळला की मी तो परत ओला करत होते. बोटानं पाणी सोडायची, नीट बसवायची. मला माहीत होतं, कुणी येणार नाही. तरी करत होते. चाची माझ्याकडं बघत होती आणि तिचा माझ्यावरचा भरवसा वाढत होता. दहा वाजले, अकरा वाजले. रस्त्यावरून सोलापूरकडं किती ट्रक गेले! मी नुसती उठून दहा पावलं गेले असते, तरी झालं असतं. साडेदहापर्यंत झालं असतं, अकरापर्यंतसुद्धा. भिंतीवरचं घड्याळ माझ्या समोर होतं. मनात म्हणायची, आता उठते. उठले नाही. दीड वाजला तेव्हा मी खरंच उठले, दारापर्यंत गेले. चाची पण उठून उभी राहिली, बोचकं हातात घेऊन. मी म्हटलं, "पाणी आणते," आणि परत फिरले. दोन वाजल्यावर मी कापूस ओला करायचं सोडून दिलं.

चारच्या सुमाराला पाळक आले. उन्हानं लालबुंद झालेले, अंगावर लग्नाचाच पांढरा झगा. आत आले, आत्याच्या पायाशी गुडघे टेकून प्रार्थना केली. मग उठून मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि पहिला प्रश्न विचारला, "डॉक्टर येऊन गेले ना?"

मी म्हटलं, "तुम्हाला विचारायचं होतं."

"मला?" त्यांना कळेनाच. "अगं, मला काय विचारायचं? त्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. माझी सही घ्यायच्या आधी आत्यानं माझ्याकडून तो दोनदा वाचून घेतला. मी वाटेत सोलापूरला थांबणार होतो. हा चपराशी म्हणाला, बाईंनी आधी घरीच आणायला सांगितलंय. मला वाटलं, डॉक्टर इथंच असतील."

पाळकांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना सगळं कळलं असं मला वाटतं. ते रागावले नाहीत, तेच वाईट झालं. हलक्या आवाजात म्हणाले, "ज्या बाईंना शब्द दिला होता, त्या बाहेर बसल्यात. त्यांना हे तू सांग. मी सांगणार नाही. ते तुझं आहे."

दिवस मावळायच्या आत आम्ही माती दिली. सगळ्यांनी तोंड बघितलं. आजी म्हणाली, "बरं झालं, हाय तशी गेली." चाची कबरस्तानाच्या फाटकाशी पोरीचा हात धरून उभी होती. पोरीच्या केसांवरचं तेल उन्हानं कपाळावर उतरलं होतं.

तिसऱ्या दिवशी चाची भाकऱ्या घेऊन घरी आली. माझ्याजवळ बसली, डोक्यावरून हात फिरवला. मी तोंड उघडणार होते. सकाळपासून घोकलं होतं, चाची, माझं चुकलं. एवढंच म्हणायचं होतं. तर तीच म्हणाली, "तू रो मत बेटी. तू तरी काय करणार? तो डॉक्टरच आला न्हाय."

मी म्हटलं, "व्हय चाची. न्हायच आला."

चपराशी माझ्याच शाळेतला, तो कुठं बोलला नाही. पाळकांची पुढच्या वर्षी बदली झाली. जाताना त्यांनी नुसतं विचारलं, "सांगितलंस?" मी मान हलवली. उभी की आडवी, ते त्यांना कळलं नसेल. मला कळलं. चाची मात्र दिसेल त्याला सांगायची, मोठी माणसं तोंडावर गोड बोलतात, वेळेला पाठ फिरवतात. बांगड्या भरता भरता तिनं त्या डॉक्टरांचं नाव चार गावांत घालवलं. तो भला माणूस, त्याला पत्ताही नव्हता. आणि मी भरल्या बांगड्यांचे हात पदराखाली घेऊन ऐकत होते.

आत्या गेल्याला दीड वर्ष होत आलं होतं. एका दुपारी पोस्टमननं कार्ड टाकलं. वरती आत्याचं नाव. मी ओट्यावरच वाचलं. "ताई, नमस्कार. तुमच्या त्या मुलीचा नंबर आमच्या यादीत आता वर आला आहे. तिला आणि तिच्या आईला घेऊन या. इथं पंधरा-वीस दिवस राहावं लागेल. या काळात डोळा मिळाला की लगेच शस्त्रक्रिया करू. तुमची तब्येत कशी आहे? तुमचे डोळे मला इतक्यात नकोत, निवांत या!" शेवटच्या ओळीपुढं डॉक्टरांनी एक उद्गारचिन्ह काढलं होतं.

त्यांच्या लेखी माझी आत्या जिवंत होती. कुणी कळवलंच नव्हतं त्यांना. कोण कळवणार? कळवायचं काम माझं होतं.

कार्ड लपवावं, असं मनात आलं. पण तेवढी पापीण मी अजून झाले नव्हते, किंवा पोस्टमननं चाचीला सांगितलं असतं ही भीती असेल. मी समोर गेले. चाची बांगड्यांचे तोडे दोऱ्यात ओवत होती, पोरगी हातानं मापं लावून देत होती. चौदा-पंधराची झाली होती, उंच. मी कार्ड वाचून दाखवलं. तब्येतीची ओळ गाळली.

चाचीचा चेहरा तापलाच. "त्याचं नाव माझ्या दारात काढू नको. ती मरून पडली, दिवसभर वाट बघितली म्या, बोचकं बांधून. आला? आता नंबर आला म्हंतोय!"

पोरगी म्हणाली, "अम्मी, जाऊ या ना. एकदा."

"नक्को! परत आस लावून परत फसवंल."

पोरगी उठून माझ्या आवाजाच्या दिशेनं आली, माझा दंड धरला. "आपा, तुम्ही सांगा ना अम्मीला. तुमचं ऐकती ती."

आता, मी स्वतःला म्हटलं. आता बोल. डॉक्टरांना निरोपच गेला नव्हता, मी जाऊ दिला नव्हता. एवढी दोन वाक्यं. चाचीनं मला झोडपलं असतं, जन्मभर तोंड बघितलं नसतं, पण संध्याकाळच्या गाडीनं पोरीला घेऊन निघाली असती. मी पोरीच्या चेहऱ्याकडं बघितलं. माझ्या तोंडून निघालं, "तुझ्या अम्मीला जे बरं वाटंल ते."

चाचीनं तोडा खाली ठेवला. लेकीचं तोंड बघून तिचं मन हललं असावं. म्हणाली, "बेटी, तू लिही त्याला. म्हणावं, तुम्ही त्या दिवशी आला न्हाईत, म्हणून माझा भरवसा उडाला. पण पोरीसाठी सांगते. तुम्ही एकदा स्वतः इथं या. माझ्या दारात बसून सांगा, का आला न्हाईत ते. मला पटलं तर त्याच पावली पोरीला घेऊन तुमच्यासंगं निघते."

मी घरून कोरं कार्ड आणलं. त्यांच्या ओट्यावर मांडीवर पाटी घेऊन बसले आणि लिहिलं. "आत्या वारल्या. मुलीची आई मुलीला पाठवायला तयार नाही. तिचा नंबर कृपया दुसऱ्या कुणाला द्यावा." चाचीला अक्षर येत नव्हतं. आत्यानं कितीदा शिकवायचं म्हटलं, ती हसून टाळायची.

"वाच बघू," चाची म्हणाली.

मी वाचलं. तिनं सांगितलेला शब्द न् शब्द. भरवसा उडाला, स्वतः इथं या, का आला न्हाईत ते सांगा, पटलं तर त्याच पावली निघते. कार्ड डोळ्यांसमोर धरून, न अडखळता वाचलं. वर्गात धडा वाचतात तसं.

पोरगी हसली. म्हणाली, "असं लिहिल्यावर येतीलच. किती दिवस लागतात आपा, कार्ड पोचायला?"

"दोन-तीन," मी म्हटलं, आणि त्याच संध्याकाळी ते पेटीत टाकलं.

चौथ्या दिवसापासनं ती धुतलेले कपडे घालून दुपारची दारात येऊन बसायला लागली. खालच्या रस्त्यावर गाडीचा आवाज हळू झाला की उठून उभी राहायची.